एका पेनीचा निकाल

१ डिसेंबर १७६३ रोजी व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीच्या कोर्टात ज्युरीपुढे एकच मुद्दा उरला होता: वादीला रक्कम किती द्यायची. वादी बरोबर की प्रतिवादी, हे कोर्टाने महिनाभर आधीच ठरवलं होतं, आणि तेही वादीच्या बाजूने. वादी होता रेव्हरंड जेम्स मॉरी, राजमान्य चर्चचा पाद्री. प्रतिवादी त्याच्या पगाराचा कर वसूल करणारे. प्रतिवादीतर्फे उभा राहिलेला वकील २७ वर्षांचा, सनद मिळून साडेतीन वर्षं झालेली. त्याचं नाव पॅट्रिक हेन्री.

‘मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मृत्यू द्या’ हे वाक्य ज्याच्या नावावर आहे तो हाच. ते भाषण पुढे १७७५ चं. त्या कीर्तीचा उजेड मागे या खटल्यावर पाडून तो वाचायची पद्धत आहे, आणि तसं वाचलं की हेन्री पहिल्यापासून नायक आणि मॉरी लोभी पाद्री एवढंच हाती लागतं. मी कागद वाचत गेलो तसं माझं मत बदललं. या खटल्यात कायदा मॉरीच्या बाजूचा होता. हेन्री जिंकला तो कायदा बाजूला सारून. तरीही त्याने त्या दिवशी विचारलेला प्रश्न खरा होता. हे दोन्ही एकदम कसं घडलं, ते पाहण्यासाठी पैशाच्या हिशेबापासून सुरुवात करावी लागते.

तंबाखूतला पगार

व्हर्जिनिया तेव्हा इंग्लंडची वसाहत. इंग्लंडचं अँग्लिकन चर्च हाच तिथला राजमान्य पंथ, आणि त्याच्या पाद्र्याला पोसण्याचा कर प्रत्येकाला भरावा लागे. तुम्ही प्रेस्बिटेरियन असा की बॅप्टिस्ट, त्या चर्चची पायरी कधी चढा की चढू नका. नाणं वसाहतीत कायमच दुर्मिळ. व्यवहार चालायचा तंबाखूवर. १७३० च्या कायद्याने नदीकाठी सरकारी तपासणीच्या वखारी उभ्या राहिल्या. मळेवाला तंबाखू मोठ्या लाकडी पिंपांत दाबून भरून तिथे आणायचा, तपासनीस पिंप उघडून पान हातात घेऊन बघायचे, वाईट माल जाळून टाकायचे आणि चांगल्या मालाची चिठ्ठी लिहून द्यायचे. ही चिठ्ठी पुढे नोटेसारखी हातोहात फिरायची. कर्ज, कर, सरकारी फी, सगळं त्या चिठ्ठ्यांवर भागायचं.

पाद्र्याचा पगारही तसाच. वर्षाला १६,००० रतल तंबाखू. आपल्याकडे बलुतेदाराला धान्यात बलुतं मिळे, त्याच्याशी हे ताडून पाहता येईल. पण इथे माप गावाच्या रिवाजाने ठरत नव्हतं, लेखी कायद्याने ठरलेलं होतं. १७४८ साली वसाहतीच्या विधिमंडळाने हे माप नव्याने कायम केलं आणि त्या कायद्यावर राजाची मंजुरी घेतली. मंजुरीचा हा तपशील वरवर किरकोळ दिसतो. पुढचा सगळा खटला त्यावर उभा आहे.

१७५८ साली पावसाने दगा दिला. पीक बुडालं, आणि रतलाला एरवी दोन पेन्सच्या आसपास राहणारा भाव सहा पेन्सपर्यंत गेला. ज्याने माल द्यायचं कबूल केलं होतं त्याच्या घरी मालच नव्हता, आणि विकत घ्यायचा तर तिप्पट पैसे. मग ऑक्टोबर १७५८ मध्ये विधिमंडळाने वर्षभरापुरता एक कायदा केला: तंबाखूत देणं असेल त्याने हवं तर रतलाला दोन पेन्सच्या दराने रोख द्यावं. लोक त्याला टू-पेनी ॲक्ट म्हणू लागले. तो फक्त पाद्र्यांसाठी नव्हता. तंबाखूत केलेल्या सगळ्याच देण्यांना लागू होता.

आता मॉरीच्या बाजूने बसून हिशेब करा. १६,००० रतलांचे दोन पेन्सने ३२,००० पेन्स, म्हणजे (पौंडाचे २४० पेन्स धरून) १३३ पौंड आणि वर थोडे शिलिंग. तोच तंबाखू हातात आला असता तर बाजारात सहा पेन्सने ९६,००० पेन्स, म्हणजे ४०० पौंड. एका कायद्याने वर्षाच्या कमाईतला दोन तृतीयांश भाग गेला. पाद्र्यांचं म्हणणं साधं होतं आणि मला ते आजही खोडता येत नाही. भाव पडतो तेव्हा आम्ही तोटा गुपचूप सोसतो, तेव्हा कोणी म्हणत नाही की पाद्र्याला भरपाई द्या. मग भाव चढला त्या एका वर्षी तो फायदा आमचा का नाही? शिवाय हा कायदा करणारे कोण? बहुतेक मोठे मळेवाले, म्हणजे स्वतःच तंबाखूचे देणेकरी.

दुसरी बाजूही पोकळ नव्हती. दुष्काळात सगळ्यांचं पीक गेलं असताना एकाच वर्गाला तिप्पट द्या, हे लहान शेतकऱ्याच्या गळी उतरणारं नव्हतं. त्यातून ज्या चर्चमध्ये तो पाऊल ठेवत नाही त्या चर्चच्या पाद्र्याला.

लंडनहून आलेला नकार

इथपर्यंत हे भांडण पगाराचं होतं. ते राजापर्यंत गेलं ते पुढच्या एका गोष्टीमुळे. राजाने एकदा मंजूर केलेल्या कायद्यात वसाहतीने बदल केला, तर राजाची नवी मंजुरी येईपर्यंत तो अमलात येऊ नये, असं कलम त्यात घालणं भाग असे. १७५८ च्या कायद्यात ते कलम नव्हतं, आणि असणार तरी कसं? लंडनला कागद जाऊन परत यायला महिने लागत. तोवर कायद्याची मुदतच संपली असती. गव्हर्नर फ्रान्सिस फॉकियरने तशीच सही केली.

पाद्र्यांनी आपल्यातल्या रेव्हरंड जॉन कॅमला लंडनला पाठवलं. १० ऑगस्ट १७५९ रोजी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, कायदा नामंजूर केला. वर्षभराचा कायदा तोवर संपतच आला होता, म्हणून प्रश्न उरला तो मागच्या काळाचा. कायदा नामंजूर झाला त्या दिवसापासून रद्द, की तो जन्मापासूनच कायदा नव्हता? पहिलं धरलं तर पाद्र्यांना काही मिळत नाही. दुसरं धरलं तर त्यांचा पूर्ण पगार निघतो.

१ एप्रिल १७६२ रोजी मॉरीने हॅनोव्हर काउंटीत दावा लावला. तो फ्रान्समधून धर्मासाठी परागंदा झालेल्या ह्युगेनॉट घराण्यातला; पदरी मोठं कुटुंब, आणि पाद्रीपणाला जोड म्हणून चालवलेली शाळा. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन लहानपणी त्याच शाळेत त्याच्या हाताखाली शिकला. पाद्री म्हणजे पैशाला चटावलेला माणूस, हे चित्र निदान याला लागू पडत नाही.

५ नोव्हेंबर १७६३ रोजी कोर्टाने ठरवलं की १७५८ चा कायदा हा कायदाच नव्हता. मॉरी जिंकला. रक्कम ठरवायला ज्युरी बसवायची एवढंच बाकी राहिलं. प्रतिवादीचे वकील जॉन लुईस यांनी वकीलपत्र सोडलं. आता लढायला राहिलंच काय, असं त्यांना वाटलं असावं. मग प्रतिवादी गेले हेन्रीकडे.

हेन्री कोण होता

त्याचा तोवरचा हिशेब तोट्याचाच. जन्म २९ मे १७३६ चा, याच काउंटीतला. भावाबरोबर दुकान काढलं, ते बुडालं. अठराव्या वर्षी सेरा शेल्टनशी लग्न झालं. लग्नात ३०० एकर पडीक होत चाललेली जमीन आणि सहा गुलाम मिळाले. १७५७ मध्ये घर जळालं. पुन्हा दुकान, पुन्हा तोटा. मग कोर्टासमोरच्या सासऱ्याच्या खाणावळीत तो हाताखाली काम करू लागला. कोर्टाच्या दिवशी समोरच्या विटांच्या कमानींखाली जमणारे शेतकरी, वकील, साक्षीदार याच खाणावळीत जेवायला-प्यायला येत. गिऱ्हाइकांना वाढताना माणसं कशाने चिडतात आणि कशाने हसतात हे त्याने जे पाहिलं असेल, ते कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. थोडाच काळ स्वतःचा स्वतः अभ्यास करून १७६० मध्ये तो विल्यम्सबर्गला परीक्षकांपुढे गेला आणि सनद घेऊन आला.

आणखी एक शिक्षण त्याला आईकडून मिळालं. आई त्याला सॅम्युएल डेव्हिस या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाची प्रवचनं ऐकायला नेत असे. डेव्हिसची भाषा साध्या माणसाच्या काळजाला हात घालणारी. घरात मात्र दुसरी बाजूही होती: त्याचा सख्खा काका, त्याच नावाचा रेव्हरंड पॅट्रिक हेन्री, अँग्लिकन पाद्री होता. आणि हॅनोव्हरच्या कोर्टात न्यायासनावर मुख्य जागी बसत होते त्याचे वडील, जॉन हेन्री.

आजच्या नजरेला हे खटकतं. बाप न्यायासनावर, मुलगा वकील. त्या काळी काउंटीचे न्यायाधीश म्हणजे परगण्यातले मानकरी. नात्यागोत्याचं जाळं इतकं दाट की त्याबाहेरचा माणूस शोधून सापडला नसता. तरी मॉरीच्या मनात शंका आली नसेल असं मी म्हणणार नाही.

एक तास

त्या दिवशी काय झालं याचा सगळ्यात जवळचा कागद म्हणजे मॉरीने ११ दिवसांनी, १२ डिसेंबरला कॅमला लिहिलेलं पत्र. हेन्रीने स्वतः भाषणाचा एक शब्द लिहून ठेवला नाही. त्याची जन्मभराची सवयच ती. म्हणजे हेन्रीचं पहिलं मोठं भाषण आपल्याला ऐकू येतं ते त्याच्यामुळे हरलेल्या माणसाच्या तोंडून. पत्रात राग आहे, दुखावलेपण आहे, पण प्रतिपक्षाचा युक्तिवाद त्याने इतका नीट नोंदवला आहे की वाचताना त्याच्याबद्दल आदर वाटतो.

मॉरी सांगतो की शेरीफ ज्युरी गोळा करायला निघाला. आधी प्रतिष्ठित मंडळींकडे गेला, तिथून काही झालं नाही, मग सरळ सामान्य गर्दीत शिरला. मॉरीने हरकत घेतली. हेन्री म्हणाला, ही प्रामाणिक माणसं आहेत, यांच्यावर बोट ठेवायला जागा नाही. लगेच शपथविधी झाला. बारा जणांत तीन-चार जण राजमान्य चर्चच्या बाहेरचे, डेव्हिसच्या वळणाचे होते. खटल्याचं पारडं त्या क्षणी झुकलं असं माझं मत आहे. ज्यांच्या खिशातून हा पगार जायचा, आणि जे त्या चर्चला आपलं मानत नव्हते, तेच आता तो किती द्यायचा हे ठरवणार होते.

मॉरीचे वकील पीटर लायन्स यांनी तंबाखूच्या दोन मोठ्या खरेदीदारांना साक्षीला उभं केलं. त्यांनी सांगितलं, १७५९ मध्ये भाव शेकडा रतलाला ५० शिलिंग होता; म्हणजे तोच सहा पेन्सचा हिशेब. लायन्सनी तो मांडला, पाद्रीवर्गाची थोरवी गायली आणि ते खाली बसले. पुराव्यावर पाहिलं तर काम संपलं होतं.

हेन्री उठला आणि जवळजवळ तासभर बोलला. पुढे ५४ वर्षांनी छापलेल्या त्याच्या पहिल्या चरित्रात म्हटलं आहे की सुरुवातीला तो अडखळत होता, वडिलांनी लाजेने मान खाली घातली, आणि मग हळूहळू त्याचा आवाज चढत गेला. काकांना त्याने कोर्टात न थांबण्याची विनंती केली होती, अशीही गोष्ट सांगतात. चरित्रकाराने हे म्हाताऱ्या साक्षीदारांच्या आठवणींवरून लिहिलं, म्हणून मी मॉरीच्या पत्रालाच धरून चालतो.

पत्राप्रमाणे हेन्रीने भाव किती होता यावर वाद घातलाच नाही. तो म्हणाला, १७५८ चा कायदा लोकांच्या हिताचा होता, चांगल्या कायद्याची सगळी लक्षणं त्याच्यात होती. राजा आणि प्रजा यांच्यात मुळात एक करार असतो. प्रजेने आज्ञा पाळायची, राजाने संरक्षण द्यायचं. असा हितकर कायदा जो राजा नामंजूर करतो तो प्रजेचा बाप न राहता जुलमी होतो आणि प्रजेच्या आज्ञापालनावरचा हक्क गमावतो.

लायन्स उठून ओरडले: हा राजद्रोह आहे, आणि न्यायासन हे स्वस्थपणे ऐकून कसं घेतं? मागच्या गर्दीतूनही ‘राजद्रोह, राजद्रोह’ अशी कुजबुज झाली. न्यायासनाने हेन्रीला थांबवलं नाही. आणि मॉरीच्या पत्रातली एक गोष्ट मला विसरता येत नाही: ज्युरीतला एक जण इतका खूष झाला होता की मधूनमधून हेन्रीकडे पाहून मान डोलावत होता. आपल्या रोजीरोटीचा निकाल ज्याच्या हातात होता तो माणूस मान डोलावत होता, हे मॉरीला नंतर कोणीतरी सांगितलं.

मग हेन्री पाद्र्यांकडे वळला. समाजात चर्चचा उपयोग काय, तर लोकांना कायदा पाळायला लावणं. जे पाद्री स्वतःच लोकांचा कायदा मोडायला लंडनला धावतात, ते समाजाचे शत्रू. मॉरीला भरपाई सोडा, अद्दल घडायला हवी. आणि तुम्ही पंचांनी आपल्याच गळ्यात बेड्या अडकवून घ्यायच्या नसतील, तर असा निकाल द्या की पुढे कोणी या वाटेला जाणार नाही. वादीच्या बाजूने निकाल देणं तुम्हाला भाग आहे, हे त्याने कबूल केलं. पण रक्कम ठरवणं तुमच्या हातात आहे.

पाच मिनिटंही झाली नसतील, ज्युरी परत आली. निकाल वादीच्या बाजूने. नुकसानभरपाई एक पेनी.

लायन्सनी हरकत घेतली की निकाल पुराव्याच्या विरुद्ध आहे, नवी ज्युरी बसवा. कोर्टाने अर्ज फेटाळला.

त्या पेनीत काय होतं

दिवाणी दाव्यात अशा निकालाची ताकद कुठे असते हे समजून घ्यायला हवं. ज्युरीने कोर्टाचा हुकूम मोडला नाही. कोर्टाने म्हटलं होतं की वादी बरोबर, ज्युरीनेही तेच म्हटलं. पण ज्या जागी त्यांचं स्वातंत्र्य होतं, म्हणजे आकडा ठरवण्यात, तिथे त्यांनी राजाच्या नामंजुरीची किंमत एक पेनी लावली. कायद्याचं कलम शाबूत आणि त्याचा अंमल शून्य. मॉरीकडे कागदावर विजय राहिला आणि हातात काही नाही.

हा अन्याय होता का? मॉरीपुरता, हो. त्याचं नुकसान खरं होतं, पुरावा निर्विवाद होता, आणि त्याच्याविरुद्ध जे बोललं गेलं त्यातलं पुष्कळसं त्याला लागू नव्हतं. कोर्ट सुटल्यावर हेन्री त्याच्याजवळ गेला, झाल्या बोलण्याबद्दल माफी मागितली आणि म्हणाला की आपला हेतू एवढाच होता, लोकांत नाव व्हावं. मॉरीने हे पत्रात लिहिलं आहे. पुढचं वाक्यही लिहिलं आहे: म्हणजे या माणसाच्या मते इथे लोकप्रिय होण्याचा हमरस्ता धर्माचं हित, चर्चचे हक्क आणि राजाचे अधिकार पायदळी तुडवण्यातून जातो.

या माफीवर अनेकांनी हेन्रीला नुसता संधिसाधू ठरवलं आहे. मला तसं वाटत नाही. काकाच पाद्री असलेल्या तरुणाला समोरच्या सज्जन पाद्र्याचा चेहरा पाहून वाईट वाटलं असेल, आणि त्या ओशाळलेपणात त्याने आपला हेतू होता त्याहून हलका करून सांगितला असेल. पण समजा तो खरंच फक्त नावासाठी बोलला. तरी त्याने विचारलेला प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. समुद्रापलीकडे बसलेल्या लोकांनी, ज्यांना आमच्या शेतातला दुष्काळ दिसला नाही, आमच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा पुसून टाकावा का? शेतकऱ्याला पगाराच्या हिशेबातून हा प्रश्न पहिल्यांदा कळला. रिचर्ड ब्लँड आणि लँडन कार्टर हे मोठे मळेवाले आधीपासून त्याच प्रश्नावर पत्रकं लिहीत होते, पण पत्रक वाचणारे थोडे. हेन्रीने तो भरल्या कोर्टात बोलून दाखवला.

दीड वर्षाने त्याचा परिणाम दिसला. १७६५ मध्ये लुइझा काउंटीने, मॉरीच्याच भागाने, हेन्रीला विधिमंडळात निवडून दिलं. मे महिन्याच्या अखेरीस, आपल्या २९ व्या वाढदिवशी, त्याने स्टॅम्प ॲक्टविरुद्ध, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतल्या कागदपत्रांवर लावलेल्या कराविरुद्ध, ठराव मांडले: व्हर्जिनियावर कर लावण्याचा हक्क फक्त व्हर्जिनियाच्या विधिमंडळाचा. तिथेही राजद्रोहाची ओरड झाली, आणि दारात उभा राहून ऐकत होता मॉरीचा जुना विद्यार्थी जेफरसन. पुढे १७७६ मध्ये हेन्री स्वतंत्र व्हर्जिनियाचा पहिला गव्हर्नर झाला. कॅमचा स्वतःचा दावा मात्र इकडे वसाहतीच्या वरिष्ठ कोर्टात आणि तिकडे प्रिव्ही कौन्सिलमध्येही हरला.

या प्रकरणाला आणखी दोन धागे जोडलेले आहेत, ते सोडून मी पुढे जाऊ शकत नाही. पहिला धर्माच्या कराचा. अमेरिकन क्रांतीच्या काळात अँग्लिकन पाद्र्यांचा सरकारी पगार बंद झाला. आणि १७८४ मध्ये, ज्याने पाद्र्याच्या पगाराविरुद्ध काउंटी हलवली होती त्या हेन्रीनेच ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी नव्या कराचा पाठपुरावा केला. फक्त कर आपल्या पसंतीच्या पंथाला द्यायची मुभा त्यात होती. विधिमंडळातल्याच जेम्स मॅडिसनने विरोध केला, हेन्री पुन्हा गव्हर्नर होऊन विधिमंडळाबाहेर गेला, विधेयक बारगळलं, आणि जानेवारी १७८६ मध्ये जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. म्हणजे हॅनोव्हरच्या त्या दिवसाला धर्मस्वातंत्र्याचा खटला म्हणणं चूक आहे. हेन्रीचं भांडण चर्चला पैसे देण्याशी नव्हतं, कोणी ठरवायचं याच्याशी होतं.

दुसरा धागा जास्त दुखतो. १६,००० रतल तंबाखू कोणी पिकवला? कोणी रोपं लावली, पानांवरच्या अळ्या हाताने वेचल्या, देठ खोलीत टांगले, पिंपात दाबले? बहुतांशी गुलामांनी. ज्युरीला गळ्यातल्या बेड्यांची आठवण करून देणाऱ्या वकिलाच्या घरी लग्नात सहा माणसं मालमत्ता म्हणून आली होती. त्याला हे कळत नव्हतं असंही नाही. जानेवारी १७७३ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका माणसाला लिहिलेल्या पत्रात त्याने गुलामगिरीचा धिक्कार केला, आणि स्वतःबद्दल लिहिलं की त्यांच्याशिवाय इथे राहणं गैरसोयीचं, म्हणून मी ओढला जातो. याचं समर्थन मी करणार नाही, करू शकत नाही. त्याने ती माणसं मुक्त केली नाहीत. त्यांच्या वतीने कुठल्या ज्युरीपुढे तो तासभर उभा राहिला नाही.

मॉरी १७६९ मध्ये वारला. हेन्रीने पेटवलेलं पुढे कुठे गेलं हे त्याला दिसलं नाही. त्याचा मुलगा, तोही जेम्स, स्वतंत्र अमेरिकेचा लिव्हरपूलमधला पहिला कॉन्सल झाला. नेमणूक जॉर्ज वॉशिंग्टनने केली होती. आणि या जेम्सची मुलगी ॲन हिने १८५३ मध्ये घराण्याचे कागद छापले. आजोबांनी १२ डिसेंबर १७६३ रोजी कॅमला लिहिलेलं पत्र त्यात आहे, ज्युरीतल्या त्या मान डोलावणाऱ्या माणसासकट.